तिसरा मुद्दा

८ जुलै २००२, सोमवार

आज शाळेत खोकी आली. तीन कॉम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर. आमच्या ट्रस्टचे कृष्णरावजी यांची देणगी. ते पूर्वी मिलमध्ये लेबर ऑफिसर होते, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

प्राचार्य संजीव सरांनी मीटिंग घेतली. मिलच्या चाळी रिकाम्या होताहेत, मुलं कमी होताहेत, पुढच्या वर्षी सामाजिक विज्ञानाला एकच शिक्षक ठेवता येईल, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. इतिहास मी शिकवते, भूगोल मंजिरी. दोघींनी पॉवरपॉइंटवर एकेक धडा करायचा आणि सप्टेंबरअखेर ट्रस्टसमोर दाखवायचा. मग ठरेल. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी कपातली साय काढत होते.

'रोज काय शिकलात ते लिहीत जा,' असंही सर म्हणाले. म्हणून ही डायरी.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." मार्चमध्ये मिल बंद झाल्यापासून हे बहुतेक गोष्टींना 'बरं' म्हणतात. सव्वीस वर्षं टाइमकीपर होते. गेटाजवळच्या खोलीत बसून कोण आलं, किती वाजता आलं, कोण नाही आलं, ते लिहायचं. अजूनही पाचला उठतात, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसतात. मी काही विचारत नाही.

११ जुलै, गुरुवार

माउस धरायला शिकले. मंजिरी शिकवते आहे. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. एकाच जागेसाठी दोघी, आणि तीच शिकवते आहे, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. बाण सारखा पडद्याबाहेर जात होता. ती म्हणाली, "ताई, इतका घट्ट नका पकडू. जाएगा नहीं कहीं."

२६ जुलै, शुक्रवार

हिंदी टायपिंग जमायला लागलं. आमची इंदूरची मराठी शाळा हिंदी माध्यमाची होऊन बारा वर्षं झाली, तरी 'श्रमिक' लिहिताना माझा हात 'कामगार'कडे वळतो.

एका स्लाइडवर सहाच्या वर ओळी घ्यायच्या नाहीत, असा नियम मंजिरीने सांगितला. मला तो आवडला. सहा ओळींत बसेल तेवढंच. बाकीचं सोडून द्यायचं. फ्रेंच राज्यक्रांती पाच ओळींत बसवून पाहिली, बसली.

आज भाजीत मीठ घालायचं राहिलं. यांनी तशीच खाल्ली. मला माझं ताट अर्धं झाल्यावर कळलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

धडा ठरला. 'इंदौर के उद्योग : उदय और पतन'. नववीच्या स्थानिक इतिहासात बसतो, आणि कृष्णरावजींना आवडेल असं सर म्हणाले. उदयाच्या चार स्लाइड झाल्या. होळकरांचा काळ, कापूस, अफूचा व्यापार, पहिली गिरणी. पतनाला एक स्लाइड पुरेल. पुस्तकातून आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून चार कारणं काढली. जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, खुला बाजार, भांडवलाची टंचाई. क्लिक केलं की एकेक ओळ डावीकडून सरकत येते.

यांना काही विचारावं असं मनात आलं नाही. आता लिहिताना आलं. पण हे काय सांगणार? हे ऑफिसचे नव्हते, गेटावरचे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

कृष्णरावजी लॅब बघायला आले. पांढरं धोतर, काठी, वागणं अगदी अदबीचं. माझ्या सगळ्या स्लाइड उभ्यानेच पाहिल्या. पतनाच्या स्लाइडवर थांबले. म्हणाले, "शालिनीबाई, एक कारण राहिलं. श्रमिकों की अनुशासनहीनता. मी तिथे होतो, मी पाहिलंय. ते तिसऱ्या जागी घ्या."

मी तिथल्या तिथे टाइप केलं. त्यांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून वाचलं आणि मान हलवली. संजीव सर माझ्याकडे पाहून हसले. मंजिरी पलीकडच्या मशीनवर नद्यांचा नकाशा रंगवत होती. तिचा माउस थांबलेला होता.

पाच मुद्दे झाले. चारांपेक्षा पाच बरे, पाच गुणांचा प्रश्न होतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हे रोज दुपारी मिलच्या गेटावर जातात, तेही आज शेजारणीकडून कळलं. मिल बंद असली तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत देखाव्याची झांकी काढायचीच, असं लोकांनी ठरवलंय म्हणे. कोणी बांबू बांधतं, कोणी रंग देतं. मी यांना विचारलं, तुम्ही काय करता? म्हणाले, कोण कोण आलं ते लिहितो.

तिथे कोणाला हजेरी हवी आहे? पण मी तसं म्हटलं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

नववीला धडा दाखवला. लॅबच्या खिडक्यांना काळा कपडा लावलाय, त्यामुळे मुलांचे चेहरे दिसत नाहीत. वर्ग इतका शांत कधीच नसतो. पतनाची स्लाइड तर सगळ्यांनी मान खाली घालून उतरवून घेतली, एक शब्द नाही कोणाचा. बाहेर आल्यावर मंजिरीला म्हटलं, बघ, किती लक्ष देतात. ती म्हणाली, "ताई, नववी क मध्ये मिलवाल्यांची मुलं किती आहेत?"

मी म्हटलं, बहुतेक सगळीच. तिने लॅबचं दार ओढून घेतलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

सादरीकरण झालं. राजवाड्यामागच्या ट्रस्टच्या हॉलमध्ये. घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून हे आले. तिसऱ्या रांगेत कडेला बसले.

आधी मंजिरीचं झालं. तिने फक्त चित्रं घेतली होती. चंबळ, क्षिप्रा, सोयाबीनची शेतं. ती छान बोलली. मग माझं. फ्लॉपी घातली, पहिली स्लाइड उघडली आणि पडद्यावर सगळी गिचमिड. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. हॉलच्या कॉम्प्युटरमध्ये आमचा हिंदी फॉन्ट नव्हता. तो वेगळ्या फ्लॉपीत घ्या म्हणून मंजिरीने मला दोनदा सांगितलं होतं.

मी थांबले नाही. सगळं पाठच होतं. पडद्यावर गिचमिड सरकत होती आणि मी तोंडाने म्हणत होते. पतनाच्या स्लाइडवर आले. एक म्हटलं, दोन म्हटलं. तीन म्हणण्याआधी माझी नजर यांच्याकडे गेली. पडद्यावर कोणालाच काही वाचता येत नव्हतं. चारावर गेले असते तर कोणाला कळलंही नसतं. मी तीन म्हटलं. पहिल्या रांगेत कृष्णरावजींनी मान हलवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या, मी पाहिलं. घरी येताना टेम्पोत हे म्हणाले, "आवाज स्पष्ट होता तुझा."

१ ऑक्टोबर, मंगळवार

विशेष काही नाही. हे आता स्वयंपाकघरात जेवायला बसत नाहीत. ताट खुर्चीवर घेऊन जातात. पाय दुखत असतील.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नववीची टेस्ट तपासली. पतनाची पाच कारणं विचारली होती. चाळीस मुलांनी पाचही लिहिली, माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने. खुशी नावाची मुलगी आहे, दुसऱ्या बाकावर बसते, अक्षर चांगलं. तिने १, २, ४, ५ असे आकडे घातलेत. तीनचा आकडाच नाही. एक गुण कापला.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, विसरलीस का? खाली बघून म्हणाली, "नहीं मैडम. पापा ने कहा, ये मत लिखना। एक नंबर जाता है तो जाने दो।"

तिचे वडील मिलच्या लूम खात्यात मागावर होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी भांडी आवरताना मी यांना खुशीचं सांगितलं. सहजच. म्हटलं, हुशार मुलगी, उगाच एक गुण घालवला. हे खुर्चीत होते. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

म्हणाले, "हजेरी माझ्याकडे होती."

मी नळ बंद केला.

"शेवटची दोन वर्षं," हे म्हणाले, "रोज साडेसहाला लोक गेटावर उभे असायचे. पाळीचे सगळे. आत जायचे, मशीन पुसायचे, बसून राहायचे, पाळी सुटली की घरी. कारण सूतच येत नव्हतं. लोक येत होते, शालिनी. सूत येत नव्हतं. आणि कृष्णरावजी तेव्हा तिथे नव्हते. ते पंच्याण्णवलाच रिटायर झाले."

मी म्हटलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

"तू विचारलं नाहीस."

एवढं बोलून हे परत खुर्चीवर जाऊन बसले. मी राहिलेली भांडी घासली. मग ती पुसली. मग परत एकदा पुसली. मला वाईट वाटत होतं की नाही, ते मला सांगता येत नाही. हात चालू होते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची सफाई. दोन आठवडे डायरी उघडली नाही. लॅबमध्येही गेले नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

सुट्ट्या संपल्या. संजीव सरांनी निकाल सांगितला. माझी जागा राहिली. ट्रस्टमध्ये कृष्णरावजींनी माझ्यासाठी शब्द टाकला. पडदा बिघडला तरी बाई डगमगल्या नाहीत, विषयाची पकड आहे, असं म्हणाले. मंजिरीला पुढच्या वर्षापर्यंत न थांबता याच महिन्याअखेर मोकळं करणार.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं." एक शब्द जास्त.

आमचं घर माझ्या नोकरीवर चाललंय. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. नुसतं लिहिते आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजिरीचा शेवटचा दिवस. शहराबाहेर राऊ गावातल्या एका कॉलेजात तिला तासिका मिळाल्यात, तिथे रुजू होईल. स्टाफरूममध्ये समोसे झाले. नंतर लॅबची किल्ली माझ्याकडे द्यायला ती मला घेऊन वर गेली.

मशीन सुरू केलं, माझी फाइल उघडली, पतनाची स्लाइड आणली. म्हणाली, "ताई, एकदा दाखवून जाते. एखादी ओळ काढायची असेल तर अशी सिलेक्ट करायची आणि डिलीट. बस, इतकंच." तिसरी ओळ काळी झाली होती. तिने बोट डिलीटवर ठेवलं, दाबलं नाही. मग उचललं.

मी म्हटलं, हे मला येतं, जुलैतच शिकवलं होतंस की. ती म्हणाली, "हो ना, येतं तुम्हाला." आणि माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात थंड होता, तो समोशाच्या तेलाने चिकटही झाला होता.

ती गेल्यावर रिक्षाचा आवाज येईपर्यंत मी पडद्याकडे बघत बसले. ती काळी ओळ तशीच होती.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज सकाळी लवकर जाऊन ती ओळ काढली. डिलीट दाबल्याबरोबर चौथा मुद्दा तिसरा झाला, पाचवा चौथा झाला. आकडे आपोआप बदलतात. खाली थोडी पांढरी जागा उरली, बाकी स्लाइड व्यवस्थित. तिथे कधी काही होतं, हे कोणालाच ओळखता आलं नसतं.

ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. इतक्या महिन्यांत काहीतरी जाणवलं, ते हे.

दोनदा उठून दारापर्यंत गेले. मग परत बसून तिसऱ्या जागी नवी ओळ टाइप केली : 'श्रमिक रोज़ आते थे, सूत नहीं आता था।'

३ डिसेंबर, मंगळवार

नववीला तो धडा परत घेतला. खिडक्यांवरचा कपडा काढून टाकला. पडदा फिकट दिसत होता, पण मुलं दिसत होती. मी सांगितलं की तिसरा मुद्दा चुकीचा होता. मी तपासून न बघता शिकवला. तो खोडा आणि हा लिहा.

वही खोडायला कोणी तयार होईना. मी पुन्हा सांगितलं. मग पेनांचा आवाज सुरू झाला. काही मुलांनी इतक्या जोरात खोडलं की पान फाटलं.

खुशीने हात वर केला. "मैडम, ये किसने बताया, वो भी लिखना है?"

इतिहासात ते लिहावंच लागतं, मीच शिकवलंय. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं, "बाळकृष्ण पिंगळे, टाइमकीपर." लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर सव्वीस वर्षांत यांचं नाव मी असं मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, मैडम के सर हैं।" कोणी हसलं नाही.

घरी सांगितलं नाही. सांगायचं कसं ते सुचलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

संजीव सरांनी बोलावलं. कृष्णरावजींपर्यंत गेलं होतं. सर रागावले नाहीत, दमलेले दिसत होते. म्हणाले, "मॅडम, आपण थोडं विचारून करायला हवं होतं." नोकरी जाणार नाही, पण जानेवारीपासून मला तिसरी-चौथीचे वर्ग. मोठ्या वर्गांना ट्रस्ट नवीन माणूस आणेल. लॅबची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. मी ठेवली. नववीचा अर्धवार्षिक पेपर मी काढलेला आहे, तो मीच तपासून द्यायचा, एवढं मागितलं. हो म्हणाले.

मंजिरीला हे कळवावं असं वाटलं. पण तिची जागा गेली ती गेली. माझ्या या करण्याने तिला काय मिळणार?

२२ डिसेंबर, रविवार

नववीचे पेपर घरी आणले. दुपारी उन्हात सतरंजी टाकून तपासत होते. दूध उतू जाण्याचा वास आला म्हणून आत गेले. परत आले तर हे गठ्ठ्यासमोर मांडी घालून बसलेले आणि वरचा पेपर हातात.

मी दारातच थांबले. यांनी तो पेपर वाचला, खाली ठेवला, दुसरा घेतला. प्रत्येक पेपरात तेच पान शोधत होते. कारणं लिहिली होती सगळ्यांनी, आणि तिसऱ्याखाली नाव. घाईत कोणी 'टाइमकिपर' लिहिलं होतं, कोणी 'समयपाल'. चार-पाच पेपर झाल्यावर हे म्हणाले, "ळ चा ल केलाय सगळ्यांनी. बालकृष्ण पिंगले."

मी म्हटलं, हिंदीत ळ नसतो.

"मिलच्या रजिस्टरातपण असंच होतं," हे म्हणाले.

मग गठ्ठा संपेपर्यंत वाचत राहिले. ऊन भिंतीवर गेलं. मी दूध पुसलं, चहा केला, तो गार झाला, परत गरम केला. शेवटचा पेपर ठेवून यांनी सगळे सरळ रचले, कोपऱ्याला कोपरा लावून. मग विचारलं, "वर्ग किती मुलांचा?"

"एकेचाळीस."

"हे एकोणचाळीस आहेत. दोघं का नाही आले?"

एका मुलाला कावीळ झाली होती, ते मला माहीत होतं. दुसरी खुशी. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातच तिचं कुटुंब चाळ सोडून मामाकडे सांवेरजवळच्या गावी गेलं, असं तिच्या शेजारची मुलगी सांगत होती. तिची आई तिकडे शेतावर जाते.

यांनी वडिलांचं नाव विचारलं. मी हजेरीपटात बघून सांगितलं, अशोक. हे लगेच म्हणाले, "लूम खातं, दुसरी पाळी, टोकन दोनशे सत्तावीस. कधी खाडा नाही."

२३ डिसेंबर, सोमवार

हे सकाळी सांवेरच्या बसने गेले. जाताना चपला घालत म्हणाले, "दुपारी ताट वाढून ठेवू नकोस. उशीर होईल मला."

मार्चपासून यांना कुठेच उशीर झालेला नव्हता. मी दार लावायचं विसरून तशीच उभी राहिले.

संध्याकाळी दिवे लागल्यावर आले. पायांवर शेतातली माती. खाली बसून पाणी प्यायले आणि सांगितलं. अशोक अंगणात खाटेवर पडला होता. त्याची दाढी वाढलेली, डोळे लागलेले, यांची चाहूल त्याला लागली नाही. हे जवळ जाऊन नुसतं "दोनशे सत्तावीस" म्हणाले. तो उठून उभा राहिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उभा राहिला, आणि 'हाजिर' म्हणाला." यांनी ग्लास खाली ठेवला. "मग दोघंही बसलो थोडा वेळ. मुलगी शेतातून आली. तिला म्हटलं, तुझा पेपर राहिलाय. दोन तारखेला अशोक घेऊन येणार आहे."

संजीव सर परवानगी देतील की नाही, माहीत नाही. न दिली तर इथे, याच सतरंजीवर बसवेन. मी तसं म्हटलं. हे म्हणाले, "वेळ मी बघतो."

मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर पाटावर बसले. मी दोन ताटं वाढली. वाढता वाढता मला रडू आलं. यांनी पाहिलं. आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली, आणि जेवायला लागले.